कारणाचा रकाना

शिंदखेडा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. माहेर जळगावचं, वडील डाळमिलमध्ये कामाला. खेड्यात राहायची मला सवय नव्हती. केंद्राचं क्वार्टर गळकं होतं, म्हणून गावातल्या एका शेतकऱ्याच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. घरात चार माणसं होती. सासू, तिचा मुलगा, सून आणि तान्ही नात. सासूला सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. सून माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती मला ताई म्हणायची.

तिचं शिक्षण सातवीपर्यंत. पण हाताला वळण असं, की तिनं मारलेली रेघ पट्टी न लावताही सरळ यायची. केंद्रात छापील फॉर्म कायम संपलेले असायचे. मग मी कोरे कागद घरी आणायची आणि दुपारी ओट्यावर बसून ती मला रकाने आखून द्यायची. पोर मांडीवर, तोंडानं गावातली एखादी गंमत चाललेली. गंमत सांगायच्या आधीच तिला हसू फुटायचं, त्यामुळे ती पूर्ण कधीच कळायची नाही. अक्का आतून ओरडायची, "आधी सांग, मंग हास!" आणि स्वतःच हसायला लागायची. सासू-सुनेत कुरबूर होत नव्हती असं नाही. पण ती मिठावरून, दुधावरून. मी तीन वर्षं त्याच भिंतीपलीकडे राहिले आहे, मला ऐकू यायचं.

सकाळी त्यांच्या चुलीवर आधी भाकरी व्हायच्या. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ धरायला वेळ लागायचा आणि मला आठच्या आत केंद्रात पोचायचं असायचं. म्हणून एका दिवाळीला मी जळगावहून वातीचा स्टोव्ह आणला. तिला तो इतका आवडला की तो माझ्या खोलीतून तिच्या स्वयंपाकघरात गेला आणि माझा सकाळचा चहा तीच करू लागली. मी नको म्हटलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, हे खरं. पण मी नको म्हटलं नाही, हेही खरं.

होळी होऊन आठवडा झाला असेल. त्या दिवशी रेशनचं रॉकेल आलं होतं. संध्याकाळी तिनं स्टोव्ह भरला आणि माझ्या दारात येऊन म्हणाली, "ताई, घासलेटना वास येगळाच ई ऱ्हायना आज."

मी महिन्याचा रिपोर्ट भरत होते. बेरीज जुळत नव्हती. मान वर न करता मी म्हटलं, "टँकर दुसरा असेल."

ती हो म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत साडीच्या निऱ्या घालत होते. आतून भक् असा आवाज आला, कुणी जाड सतरंजी झटकावी तसा. मग किंकाळी. मी बाहेर आले तर ती अंगणात धावत होती. नायलॉनचं पातळ नेसली होती, ते पेटलं होतं. मी दोरीवरची गोधडी ओढली, तिच्यावर टाकली आणि तिला जमिनीवर लोळवलं. तिचा नवरा पहाटेच शेतात गेला होता. अक्का गोठ्यातून धावत आली, दोन्ही हात शेणानं भरलेले. आग विझली तेव्हा मला फक्त एवढं सुचलं की पाणी पाहिजे. गुरांच्या हौदाशेजारी नुकतीच भरलेली घागर होती. मी तिच्या अंगावर ओतायला लागले.

अक्कानं माझं मनगट धरलं. "पानी नको टाकू वं माय, फोड येतीन!"

तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. एकीनं शाईची दौत आणली होती, दुसरी म्हणत होती चिखल लावा. तेव्हा सगळीकडे हेच करायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या बाईवर ओरडले. "अक्का, हात सोडा! कुणी काही लावायचं नाही! पाणी आणा, आणखी आणा!" अक्कानं हात सोडला आणि मग तीच घागरी भरून आणू लागली.

मी घड्याळ पाहून वीस मिनिटं पाणी ओतलं. तिच्या हातांना सूज चढत होती, बांगड्या रुतायला लागल्या होत्या. त्या काढायलाच हव्या होत्या, नाहीतर हाताचं रक्त अडलं असतं. निघत नव्हत्या. मी एक एक करून दगडानं हलकेच फोडल्या. सुनेच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फुटताना पाहून अक्का जो आकांत करू लागली, तो तिच्या अंगावरच्या जखमा पाहूनही तिनं केला नव्हता. तिला वाटलं, मी तिच्या मुलाचं काही अशुभ करते आहे. समजावायला वेळ नव्हता.

चौघांनी खाट उचलून तिला केंद्रात आणलं. डॉक्टर जीप घेऊन शस्त्रक्रियेच्या शिबिराला तालुक्याला गेले होते. फोन दोन दिवसांपासून बंद पडलेला. कंपाउंडर होता, भला माणूस. त्यानं कपाट उघडलं. कपाटात सलाइनच्या तीनच बाटल्या निघाल्या. निम्मं अंग भाजलं होतं. हाताची शीर मिळण्यासारखी नव्हती, पाय मात्र वाचले होते. पायाच्या शिरेत सुई एकदाच टोचली आणि लागली. स्वच्छ धुतलेल्या चादरीत तिला गुंडाळलं आणि डेअरीच्या दुधाच्या टेम्पोतून धुळ्याला निघालो. मी बाटली उंच धरून उभी, अक्का तिच्या पायाशी. नवरा शेतातून धावत आला तो टेम्पो निघता निघता मागच्या फळीला लटकला.

वाटेत बाटली अधूनमधून तिच्या नवऱ्याच्या हातात देऊन मी केसपेपरच्या पाठीवर लिहीत होते. सात वीसला भाजली. वीस मिनिटं पाणी. पहिली बाटली किती वाजता लावली, दुसरी किती वाजता. लघवी झाली की नाही. वजन अंदाजे किती. अक्षर टेम्पोच्या धक्क्यांनी वेडंवाकडं येत होतं. नर्सिंगला असताना आमच्या एका शिक्षिका सांगायच्या, भाजलेल्या माणसाला पुढं पाठवताना त्याच्याबरोबर वेळही पाठवायची. पुढच्या डॉक्टरला पाणी किती द्यायचं ते त्यावरून ठरतं. मी बाकी काय करू शकणार होते?

ती पूर्ण शुद्धीवर होती. भाजलेली माणसं पहिले काही तास असतात शुद्धीवर, हे मला नंतर अनेकदा पाहायला मिळालं. अर्ध्या रस्त्यात तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमना चहा राही गया, ताई."

मी बाटलीतले थेंब मोजू लागले.

धुळ्याच्या दवाखान्यात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं माझा कागद दोनदा वाचला. "हे तुम्ही लिहिलं?" मी हो म्हटलं. "बरं केलंत," तो म्हणाला आणि कामाला लागला. मग तिला आत नेल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "घरात काही होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "स्टोव्ह भडकला."

त्यानं मान हलवली. मला वाटतं हे वाक्य त्यानं रोज ऐकलेलं होतं. आणि त्याचं चुकत नव्हतं. पुढच्या माझ्या नोकरीत ‘स्टोव्ह भडकला’ म्हणून आलेल्या अशा सुना मी पाहिल्या, ज्यांच्या घरात स्टोव्हच नव्हता. खोटं इतक्या वेळा बोललं गेलं होतं की आमचं खरं त्यात मिसळून गेलं.

ती सहा दिवस जगली. नायब तहसीलदार येऊन तिचा जबाब घेऊन गेले. तिनं सांगितलं ते एवढंच, की काडी लावली आणि भडका उडाला, कुणाचा दोष नाही. पण तिला वेदना कमी करायची, गुंगी आणणारी इंजेक्शनं चालू होती, म्हणून त्या जबाबाला वजन राहिलं नाही. तिचे माहेरचे आले होते. भाऊ म्हणाला, बहिणीला पढवलंय. त्याचाही जीव जळत होता, त्याला तरी काय बोलणार.

चौथ्या दिवशी ती सारखी पोरीची आठवण काढू लागली. "मनी पोर कोठे शे?" मी गावाकडून पोरीला आणवलं. पट्ट्यांत बांधलेली आई पोरीला ओळखू आली नाही. ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. आईनं थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "लई जा तिले. भ्याई ऱ्हायनी ती." त्यानंतर तिनं पोरीचं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी ताप चढला. सहाव्या दिवशी दुपारी ती गेली. मी जवळ नव्हते, केंद्रात लसीकरण होतं.

लग्नाला सात वर्षं झाली नव्हती, तेव्हा पोलीस येणारच होते. अक्काला आणि तिच्या मुलाला घेऊन गेले. मी साक्ष दिली. कोर्टात वकिलानं विचारलं, "भडका तुम्ही डोळ्यांनी पाहिला?"

"नाही. आवाज ऐकला."

"रॉकेलचा डबा तपासला गेला?"

"पोलीस आले तोवर डब्यात काही उरलं नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही."

वासाचं मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, वास कुणाला आला होता? मी म्हटलं, तिला. ती तर आता नव्हती. स्टोव्ह कुणाच्या चहासाठी पेटवला होता, ते मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दोघं सुटले, संशयाचा फायदा मिळून. गावानं त्यातला ‘संशय’ तेवढा ऐकला. पाणवठ्यावर अक्का आली की बायका घागरी उचलायच्या. मुलाला शेतात मजूर मिळेना. एक दिवस तो सुरतेला मागावर कामाला गेला. सुरुवातीला पत्रं आली, मग थांबली. तोवर मी गळक्या क्वार्टरमध्ये राहायला गेले होते. अक्का दिसली की मी रस्ता बदलायची. तिला वाटलं असेल, हीसुद्धा गावासारखीच. माझं कारण वेगळं होतं, पण तिला कसं कळणार?

त्या महिन्याच्या रिपोर्टात मी तिला कुठं लिहिलं, तेही सांगते. भाजण्याला रकानाच नव्हता. ‘इतर अपघात’ असा एक रकाना होता, त्यात १ लिहिला. कशानं, कुठं, कुठल्या दिवशी, हे विचारणारी जागा त्या कागदावर नव्हती.

पुढची वर्षं मी दोन-तीन केंद्रांवर काढली. भाजलेलं माणूस आलं की मी स्वतः आखलेला एक कागद भरून बरोबर द्यायची. वेळ, पाणी, सलाइन, लघवी, आणि खाली ‘कारण’. काही डॉक्टर हसायचे, काही वापरायचे. शाई आणि चिखल बंद व्हावं म्हणून शाळांतून बोलायची. त्यानं काही जण वाचले, हेही मी पाहिलं. उकळत्या वरणात हात पडलेला एक मुलगा, चिमणीनं पदर पेटलेली एक म्हातारी. त्यांच्या घरच्यांनी आधी पाणी ओतलं होतं.

नव्वदच्या दशकात माझी बदली धुळ्याला कार्यालयात झाली. तिथं नुकताच कॉम्प्युटर आला होता. खोलीबाहेर चपला काढाव्या लागायच्या, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची. महिन्याचा नवा रिपोर्ट बनवायचा होता. त्यात कुठले रकाने हवेत हे ठरवण्यासाठी काही केंद्रांची जुनी रजिस्टरं आत भरून बघा, असं आम्हा दोघी-तिघींना सांगितलं. शिंदखेड्याकडची रजिस्टरं मी मागून घेतली. का मागितली, विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

केंद्रांत कारण लिहायचा नियम नव्हता, पण नर्स मंडळी समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहीतच. मी तेही भरत गेले. मराठी अक्षरं त्या यंत्रात नव्हती, ‘भडकून’ हे इंग्रजी अक्षरांत लिहावं लागायचं. महिनाभर भरल्यावर साहेबांनी मला एक युक्ती दाखवली. एक बटण दाबलं की सगळ्या केंद्रांची सगळी नावं कारणाप्रमाणे लागतात, दुसरं दाबलं की तारखेप्रमाणे.

मी भाजण्याच्या नोंदी लावल्या. पडद्यावर पाच ओळी एकाखाली एक आल्या. चिमणी भडकून. दिवा भडकून. स्टोव्ह भडकून. पुन्हा स्टोव्ह भडकून. पाचही एकाच पंधरवड्यातल्या, होळीच्या आसपासच्या, शेजारशेजारच्या चार केंद्रांतल्या. एक म्हातारा होता, एक शाळकरी मुलगी, दोन बाप्ये. पाचवी ओळ माझी होती. पहिली तिच्या आठ दिवस आधीची, आमच्यापासून बारा किलोमीटरवरच्या गावातली.

चारही ठिकाणी तालुक्याहून एकच टँकर जायचा, हे मला माहीत होतं. सगळ्या गावांत रेशन एकाच दिवशी येत नसे. आमचं गाव शेवटाला.

मी उठून बाहेर गेले आणि अनवाणीच जिन्यावर बसले. आठ दिवस. बारा किलोमीटर. त्या केंद्रातल्या सिस्टरला मी ओळखत होते, दर महिन्याच्या मीटिंगला आम्ही शेजारी बसायचो, डबा वाटून खायचो. तिनं तिच्या कागदावर ‘इतर अपघात १’ लिहिलं, मी माझ्या. दोन्ही कागद एकाच टेबलावर पोचले आणि बेरीज झाली.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी पाची ओळी पुन्हा तारखेप्रमाणे लावून पाहिल्या. म्हणाले, "सिस्टर, हा पुरावा होत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"रॉकेलमध्ये पेट्रोल होतं हे आता कोण सिद्ध करणार?"

"कुणी नाही. पण मला एक प्रत छापून द्या."

नव्या रिपोर्टात त्यांनी ‘भाजणे’ आणि त्याखाली ‘कारण’ असे दोन रकाने घेतले. एकाच कारणाचे दोन रुग्ण आठवड्यात आले तर निरोप पाठवायचा, अशी ओळही तळाशी घातली. ती किती पाळली गेली, मी सांगू शकत नाही.

अक्काकडे जाण्याआधी मी सुरतेच्या जुन्या पत्त्यावर अक्काच्या मुलाला पत्र टाकलं. ते परत आलं. मग एका रविवारी एसटीनं गावात गेले.

अक्का ओट्यावर शेंगा सोलत होती. खूप वाळली होती. मला ओळखून तिनं सरकून जागा दिली. मी कागद उलगडला, कडेला भोकं असलेला तो लांब कागद, आणि पाची ओळी वाचून दाखवल्या. कुठलं गाव, कोण, कशानं. तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे घासलेटच खराब व्हतं."

"मला तसं वाटतं, अक्का. खात्रीनं नाही सांगता येत."

"बठ्ठं गाव म्हनस, मीच तिले जाळं." मग तिनं विचारलं, "हाई तव्हय का नही सांगं?"

"तेव्हा कुणालाच कळलं नाही. कागद वेगवेगळे होते."

"मना आंडोर गया," ती मुलाबद्दल म्हणाली. "आते सांगीसन काय व्हई, माय?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

समोरच्या घरातली बाई बोलणं ऐकून जवळ आली होती. कागद पाहून ती म्हणाली, आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, अक्का असं करणारी बाई नाही. अक्कानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दारात नात उभी होती. बारा वर्षांची, शनिवारच्या शाळेच्या रिबिनी अजून वेणीत. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी कधीच सांगणार नाही. मी तिला म्हटलं, "तो स्टोव्ह माझा होता. तुझी आई माझ्यासाठी चहा करत होती. आणि वास वेगळा येतोय, असं ती मला सांगून गेली होती. मी लक्ष दिलं नाही."

अक्काचे हात थांबले. मला वाटलं ती मला उठायला सांगेल. तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

पोरगी पुढं येऊन ओट्याच्या कडेला बसली. ती शाळेतलं मराठी बोलत होती. "म्हणजे तुम्ही आईला रोज पाहायचात?"

"रोज."

"मला ती आठवत नाही," ती म्हणाली. "आजी सांगायला लागली की रडते, म्हणून मी विचारत नाही. ती कशी बोलायची?"

मी सांगू लागले. रेघा कशा सरळ मारायची, पोर मांडीवर घेऊन. मिठावरून अक्काशी कशी भांडायची. गंमत सांगायच्या आधीच कशी हसत सुटायची. पोरगी म्हणाली, "कशी? करून दाखवा ना." मी प्रयत्न केला. दोनदा केला. ते तिचं हसू नव्हतं. माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघत होतं. अक्का मान खाली घालून ऐकत होती, तिनंही नाही म्हणून मान हलवली. पाचची एसटी निघून गेली, तरी मी तिथंच बसून तो आवाज आठवत होते.